सिकलसेलचं संशोधन : किती संस्था जोडल्या ते नको, रुग्णाला काय मिळालं ते सांगा

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक पत्र आलं. सिकलसेलवर एक नवं संशोधन नेटवर्क उभं राहत आहे. मेडिकल कॉलेजं, प्रयोगशाळा, एक औषध कंपनी, दोन स्वयंसेवी संस्था अशी अकरा नावं पत्राच्या डोक्यावर ओळीने छापलेली होती. माझ्याकडून मागणी साधी होती. माझ्याकडे येणाऱ्या सिकलसेलग्रस्त रुग्णांची यादी द्यावी आणि त्यांना रक्ताचा नमुना देण्यासाठी पाठवावं.

त्याच आठवड्यात सालेकसा भागातून एक वडील आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाची कंबर आणि दोन्ही मांड्या ठणकत होत्या, दोन रात्री झोप नव्हती, डोळे पिवळे. वडिलांच्या हातात कपड्याच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. त्यात शाळेतल्या शिबिराची चिठ्ठी, कॉलेजातल्या शिबिराची चिठ्ठी, सरकारी लाल कार्ड आणि कुठल्याशा प्रोजेक्टच्या संमतीपत्राची झेरॉक्स, त्यावर वडिलांचा अंगठा. चार वेळा रक्त काढलं गेलं होतं आणि चारही वेळा निदान तेच होतं. मी विचारलं, "भाऊ, हायड्रॉक्सियुरियाची गोळी कधी सुरू केली होती का?" त्यांनी नावही ऐकलेलं नव्हतं. म्हणाले, "रक्त त सारेच नेतेत जी. दवाई कोणीच देत नाही."

पत्र आणि पिशवी, दोन्ही माझ्या टेबलावर एकाच वेळी होती. म्हणून हा लेख. अनेक संस्था एकत्र येऊन संशोधन करतात, तेव्हा त्यांनी चांगलं काम केलं की नाही हे मोजायचं कसं? प्रश्न तुम्हाला लांबचा वाटेल. पण ज्याचं रक्त जातं त्याने तो विचारायलाच हवा, असं माझं मत आहे.

सिकलसेल, थोडक्यात

नेहमीच्या वाचकांना हे माहीत आहे, तरी दोन ओळी. सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. लाल पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथून सुरू होतो तो दुखण्याचा झटका. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे पिवळं कार्डवाले, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. नुसत्या वाहकाला सहसा त्रास नसतो, त्याला औषधही लागत नाही. लाल कार्डवाल्याला मात्र आयुष्यभर काळजी घ्यावी लागते.

आपल्या भागात हा आजार नवा नाही. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला आणि १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या रुग्णांबद्दल लिहिलं. म्हणजे विदर्भात सिकलसेल आहे हे वैद्यकशास्त्राला साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. आपला गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. आजार जिल्ह्यापेक्षा जुना आहे.

एकट्या डॉक्टरला जे जमत नाही

आधी नेटवर्कची बाजू मांडतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी संशोधनाच्या विरोधात आहे.

माझ्या ओपीडीत वर्षभरात मोजके सिकलसेलग्रस्त येतात. एखाद्याला मी औषध दिलं आणि त्याचे झटके कमी झाले, तर ते औषधाने झाले की नशिबाने? या आजारात एखादं वर्ष वाईट जातं आणि पुढचं आपोआप बरं जातं. खात्रीने सांगायला शेकडो रुग्ण लागतात, आणि तेवढे एका दवाखान्यात मिळत नाहीत. म्हणून दहा-वीस ठिकाणच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न घेऊन, एकाच पद्धतीने नोंदी ठेवून काम करायचं. सहयोगी संशोधन म्हणजे मुळात एवढंच.

याचं उत्तम उदाहरण हीच हायड्रॉक्सियुरियाची गोळी. हे रसायन १८६९ मध्ये पहिल्यांदा तयार झालं. पुढे ते रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरात आलं. ते घेतल्यावर बाळपणातलं हिमोग्लोबिन, ज्याला हिमोग्लोबिन एफ म्हणतात, पुन्हा वाढतं आणि पेशी वाकायच्या कमी होतात, असं दिसलं. पण औषध जुनं आणि स्वस्त. त्यात कंपनीला काय मिळणार? मग अमेरिकेत सरकारी पैशातून अमेरिका आणि कॅनडातली २१ केंद्रं जोडली गेली. २९९ प्रौढ रुग्ण घेतले. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय दिलंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. मोजायचं एकच ठेवलं, वर्षाला दुखण्याचे झटके किती येतात. फरक इतका स्पष्ट दिसला की १९९५ मध्ये अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. औषध नसलेल्यांना वर्षाला साधारण साडेचार झटके, औषधवाल्यांना अडीच. १९९८ मध्ये तिकडे सिकलसेलसाठी गोळीला मान्यता मिळाली.

मोजायचं काय, यावर सगळं अवलंबून

आता उलटं उदाहरण. याच आजारावर वॉक्सेलोटर नावाचं नवं औषध आलं. त्याचा मुख्य अभ्यास १२ देशांतल्या ६० संस्थांमध्ये झाला, २७४ रुग्णांवर. कागदावर आधीच्या २१ केंद्रांपेक्षा कितीतरी मोठं जाळं. पण यात मुख्य माप ठरवलं होतं ते हिमोग्लोबिन किती वाढतं याचं. ते वाढलं. २०१९ मध्ये अमेरिकेत घाईच्या मार्गाने मान्यताही मिळाली. पुढचे अभ्यास आले तेव्हा औषध घेणाऱ्यांत झटके आणि मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त दिसू लागले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं.

तुम्ही म्हणाल, हिमोग्लोबिन वाढणं चांगलंच की. रिपोर्टवर आकडा वाढला की आपल्यालाही बरं वाटतं. पण रुग्णाला हिमोग्लोबिनचा आकडा दुखत नाही, मांडी दुखते. साठ संस्था मिळून चुकीची गोष्ट अगदी अचूक मोजू शकतात. म्हणून कुठलंही नेटवर्क आपला मोठेपणा सांगू लागलं की मी पहिल्यांदा विचारतो की तुम्ही नेमकं काय मोजताय आणि ते रुग्णाच्या उपयोगाचं आहे का.

नेटवर्कचे अहवाल वाचायची मला सवय आहे. वाईट सवयच म्हणा, बायको म्हणते रविवारी तरी ते ठेवा. त्यात नेहमी हे आकडे असतात : किती संस्था, किती करार, किती कार्यशाळा, किती शोधनिबंध, किती नमुने गोळा केले. हे सगळे कामाला लागलेल्या गोष्टींचे आकडे आहेत. धानाची बांधी किती नांगरली, बियाणं किती पेरलं, खत किती टाकलं हे सांगण्यासारखं. खळ्यावर किती पोती आली, तो आकडा शोधावा लागतो.

नागपूरची साठ मुलं

माझ्या स्वतःच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये बदल झाला तो एका छोट्या अभ्यासामुळे, आणि तोही नागपूरचा.

अमेरिकेतल्या अभ्यासात डोस होता वजनाच्या प्रतिकिलो १५ मिलिग्रॅमपासून सुरू करून झेपेल तितका वाढवत जायचा, आणि दर दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं. हे देवरी-सालेकशाच्या रुग्णाला कसं जमणार? एक दिवसाची मजुरी बुडणार, बसचा खर्च, बरोबर यायला घरातलं एक माणूस. त्यामुळे आपल्याकडचे बरेच डॉक्टर, मीही, ही गोळी द्यायला बिचकायचो. कॅन्सरचं औषध म्हटलं की नातेवाईकही घाबरायचे.

नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न आपल्या रुग्णाला धरून बदलला. कमी आणि ठरावीक डोस, रोज प्रतिकिलो १० मिलिग्रॅम, वाढवायचा नाही. एवढ्याने भागतं का? ६० मुलं घेतली, दीड वर्ष पाहिलं, निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना बिनऔषधाची. गोळीवाल्या मुलांचे झटके, रक्त चढवण्याची गरज आणि दवाखान्यात भरती होणं, तिन्ही कमी झालं. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ना साठ संस्था, ना बारा देश. पण त्याचं उत्तर माझ्या टेबलावर उपयोगी पडलं. पन्नास किलोच्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, रोज. इतकं सोपं.

नागपूरच्या डॉक्टरांचं आणखी एक श्रेय सांगायला हवं. १९८६ मध्ये ओडिशातल्या आणि जमैकातल्या डॉक्टरांनी मिळून एक महत्त्वाचं काम प्रसिद्ध केलं होतं. ओडिशातल्या रुग्णांत हिमोग्लोबिन एफ जास्त, म्हणून त्यांचा आजार आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सौम्य, असं त्यात दिसलं. काम चोख होतं. पण त्यातून 'भारतातला सिकलसेल सौम्य असतो' असा समज पसरला आणि तो पाठ्यपुस्तकी झाला. विदर्भातल्या मुलांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या गेल्या तेव्हा इथे आजार चांगलाच तीव्र असल्याचं दिसलं. नेटवर्क चांगलं की वाईट हे ओळखायची माझी ही आणखी एक खूण आहे. त्यात वेगळं सांगणाऱ्या केंद्राला जागा आहे का? की मोठ्या शहरातल्या प्रमुखाने निष्कर्ष लिहायचा आणि बाकीच्यांनी फक्त नमुने पाठवायचे?

आफ्रिकेतल्या अभ्यासाचाही उल्लेख करतो, कारण त्याचा आपल्या मलेरियाच्या पट्ट्याशी संबंध आहे. ही गोळी पांढऱ्या पेशी कमी करते, मग मलेरियाच्या भागात ती मुलांना धोक्याची ठरेल का, ही खरी भीती होती. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांनी मिळून ६०६ मुलांना गोळी दिली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. गोळी सुरू करण्याआधीच्या काळाशी तुलना केली तर दुखण्याचे झटके निम्म्याहून कमी, मलेरिया साधारण निम्म्यावर आणि मृत्यू जवळपास एक तृतीयांश. यात बिनऔषधाचा वेगळा गट नव्हता, ही त्याची मर्यादा. पण अशी भीती एका देशातल्या एका हॉस्पिटलला दूर करता आली नसती. तिथे नेटवर्कच हवं होतं.

शेजारचं गडचिरोली

सिकलसेलच्या बाहेरचं एक उदाहरण, कारण ते आपल्या उंबरठ्यावरचं आहे. अर्जुनी मोरगाव ओलांडलं की गडचिरोली जिल्हा. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे केलं आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं.

तेव्हा आक्षेप असा होता की बंग दांपत्य तिथे आहे म्हणून जमलं, दुसरीकडे जमणार नाही. रास्त आक्षेप. मग २००१ ते २००५ या काळात 'अंकुर' नावाने महाराष्ट्रातल्या सात स्वयंसेवी संस्थांनी तेच काम आपापल्या भागात करून पाहिलं. पाच राज्यांत आयसीएमआरने सरकारी यंत्रणेतून करून पाहिलं. आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताईंच्या कामात बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळ बघणं आलं. आज तुमच्या सुनेच्या बाळंतपणानंतर आशाताई वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन घरी येते ना, ती या साखळीची शेवटची कडी.

या नेटवर्कचं मूल्यमापन करायला मला कुठल्याही अहवालाची गरज नाही. आशाताईची पिशवी उघडून पाहिली की झालं. सात संस्थांना एकत्र आणण्याचं कारणही बघा, प्रश्नच असा होता की उत्तरासाठी वेगवेगळी ठिकाणं लागत होती. संस्थांची नावं पत्राच्या डोक्यावर शोभावीत म्हणून ते जमले नव्हते.

पण धीर धरायला हवा

माझा एक वर्गमित्र नागपूरला संशोधनात आहे. हे सगळं मी त्याला फोनवर ऐकवलं तेव्हा तो चिडला. म्हणाला, "तू प्रत्येक प्रयोगशाळेला गोळी कुठेय विचारलंस तर मूलभूत संशोधन कोणी करणारच नाही. अर्ध्या वाटा बंदच निघतात, ते कळणं हेही काम असतं."

त्याचं म्हणणं मला मान्य करावं लागलं. टीबीचं उदाहरण घ्या. २००० साली टीबी अलायन्स नावाची सरकारं, दानसंस्था, विद्यापीठं आणि कंपन्यांची भागीदारी सुरू झाली. तिचं प्रिटोमॅनिड हे औषध २०१९ मध्ये मान्य झालं. १९ वर्षं! पाचव्या वर्षी मोजमाप केलं असतं तर उत्तर शून्य आलं असतं आणि कोणी शहाण्याने निधी थांबवला असता. आज त्याच औषधामुळे औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा उपचार सहा महिन्यांवर आला आहे. भारत सरकारने ही पद्धत २०२४ मध्ये स्वीकारली. त्याआधी अशा रुग्णाला वीस-वीस महिने औषधं घ्यावी लागत, आणि त्यातले किती मध्येच सोडून देत ते आम्ही पाहिलेलं आहे.

आपल्याकडे सीएसआयआरने २००८ मध्ये 'ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी' सुरू केलं होतं. टीबीच्या औषधाचा शोध सगळ्यांसाठी खुला, कोणीही विद्यार्थी घरबसल्या सहभागी होऊ शकतो. कल्पना मला फार आवडली होती. शंभराहून अधिक देशांतले हजारो लोक नोंदले गेले, जंतूच्या जनुकांचा मोठा अभ्यास तरुणांनी मिळून केला. पण त्यातून रुग्णापर्यंत पोचलेली गोळी निघाली नाही. तिला फसलेली म्हणू का? मला तसं म्हणवत नाही, तिथे शिकलेली मुलं कुठेतरी काम करतच असतील. पण एक गोष्ट खटकली. प्रत्येक बातमीत सदस्यसंख्या पहिल्या ओळीत असायची. हजारो सदस्य ही यशाची खूण नसते, फार तर उत्साहाची असते.

तेव्हा माझं म्हणणं थोडं सुधारून मांडतो. पाच वर्षांत गोळी आली पाहिजे असं नाही. पण पाच वर्षांत हे दिसलंच पाहिजे की सगळी केंद्रं एकाच पद्धतीने नोंदी ठेवतात, एकाची माहिती दुसऱ्याला मिळते, चुकलेली वाट चुकली असं जाहीर लिहिलं जातं, आणि ज्यांनी रक्त दिलं त्यांना त्यांचा निकाल मिळाला. शेवटच्या गोष्टीला तर पाच वर्षं कशाला, पाच आठवडे पुरेत.

आपल्या जिल्ह्याचा हिशोब

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. १७ राज्यं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंतचं लक्ष्य. सहा कोटींहून अधिक तपासण्या झाल्या आहेत आणि दोन लाखांहून अधिक रुग्ण सापडले आहेत. चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्र झालं, त्याचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं. आपल्या गोंदियात २०१६ पासून मेडिकल कॉलेज आहे. मुंबई, नागपूर, चंद्रपूर, गोंदिया असं जोडलं तर जाळं तयारच आहे म्हणा.

सहा कोटी तपासण्या ही लहान गोष्ट नाही, ज्यांनी त्या केल्या त्या लॅब टेक्निशियन आणि आशाताईंना माझा नमस्कार. पण तपासणी हा उपचार नाही. ठळक अक्षरात तपासण्यांचा आकडा येतो. मला तिथे दुसरा आकडा पाहायचा आहे. समजा एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत पन्नास लाल कार्डं आहेत. त्या पन्नासांपैकी किती जण गेले तीन महिने सलग हायड्रॉक्सियुरिया घेतात? किती जणांची सीबीसी वेळेवर झाली? या वर्षी किती जण झटक्याने भरती झाले, आणि मागच्या वर्षी किती? चार आकडे, एका फळ्यावर मावतील. केंद्राच्या दारात लसीकरणाचा फळा असतो, त्याच्या शेजारी लावा.

एक अडचण खास आपली. गोंदिया तीन राज्यांच्या टोकावर आहे. बालाघाटचे रुग्ण इथे येतात, छत्तीसगडचे येतात, आपली पोरं कामाला नागपूर, रायपूर, हैदराबादला जातात. कार्ड एका राज्याचं, झटका दुसऱ्या राज्यात, रक्त चढवलं तिसरीकडे. संशोधकांच्या भाषेत हा रुग्ण 'पाठपुराव्यातून सुटलेला' असतो. तो कुठेही सुटलेला नसतो, बसस्टँडवर गाडीची वाट बघत असतो. सीमेपलीकडच्या दोन दवाखान्यांना एकमेकांचे रिपोर्ट वाचता येत नसतील, तर नेटवर्क हा शब्द वापरू नये.

रक्त देण्याआधी

तुम्ही संशोधनाला नाही म्हणा असं मी अजिबात सांगत नाही. वर लिहिलेलं सगळं कोणीतरी रक्त दिलं म्हणूनच कळलं. फक्त आधी विचारा. हा तुमचा हक्क आहे. आयसीएमआरची २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात की संमती तुमच्या भाषेत समजावून घ्यायची, तुम्ही कधीही बाहेर पडू शकता, बाहेर पडलात म्हणून तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत, आणि संशोधनाचा फायदा ज्यांच्यावर ते झालं त्यांनाही मिळायला हवा.

म्हणून शिबिरात हात पुढे करण्याआधी विचारा की माझा निकाल मला कधी आणि कोण देणार, माझी आधीची तपासणी झाली आहे तर पुन्हा का, आणि निकालात आजार निघाला तर औषध कुठून मिळणार. समाधानकारक उत्तर मिळालं तर खुशाल द्या. संमतीपत्राची प्रत मागून घ्या. सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा, पिशवीत नको. आणि त्या फाइलच्या पहिल्या पानावर आपला रक्तगट आणि घेत असलेली औषधं लिहा.

हायड्रॉक्सियुरियाबद्दल एवढं लक्षात ठेवा. ती स्वतःहून सुरू करू नका, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंदही करू नका. सुरुवातीला दर महिन्याला किंवा डॉक्टर सांगतील तसं रक्त तपासावं लागतं. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर, स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोला. आणि सिकलसेलग्रस्ताला ताप आला, छातीत दुखलं, दम लागला, किंवा लहान मुलाचं पोट अचानक फुगून चेहरा पांढरा पडला, तर घरी थांबू नका.

पत्राचं काय झालं ते सांगतो. मी उत्तर लिहिलं आणि चार गोष्टी विचारल्या. मुख्य मोजमाप कोणतं? आधीच निदान झालेल्यांचं रक्त पुन्हा का? नमुने आणि माहिती कोणाच्या ताब्यात राहणार? आणि रुग्णाला निकाल व औषध कधी मिळणार? पहिल्या तिन्हींची उत्तरं आली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, चांगली आली. चौथ्याला उत्तर आहे की हा मुद्दा पुढच्या टप्प्यात विचारात घेतला जाईल. मी यादी अजून पाठवलेली नाही. पुन्हा लिहिलं आहे, उत्तर आलं की इथेच कळवीन.

तो मुलगा चार दिवस भरती राहिला. झटका ओसरल्यावर रक्त, लिव्हर, किडनी तपासून त्याला ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल सुरू केली आहे, वजन ४६ किलो. वडिलांनी विचारलं की आता पुन्हा रक्त काढणार का. हो म्हणालो, येत्या मंगळवारी, आणि रिपोर्ट त्याच दिवशी तुमच्या हातात देईन.